कँपातली पाद्र्यांची शाळा

पुण्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगावयास उभे राहिलेले वक्ते बहुधा १८८० सालच्या न्यू इंग्लिश स्कूलपासून प्रारंभ करतात. कोणी जरा मागे गेलाच, तर १८४८ साली जोतीराव फुल्यांनी भिडेवाड्यात काढलेल्या मुलींच्या शाळेपर्यंत जातो. आम्हांला आज जिच्याविषयी बोलावयाचे आहे ती शाळा ह्या दोहोंच्या मधल्या काळातली, १८६७ सालची. ती शहरात नव्हे, कँपात आहे. तिचे नाव सेंट व्हिन्सेंट हायस्कूल. रोमन कॅथलिक पंथाच्या जेझुइट, म्हणजे येशूसंघी, पाद्र्यांनी ती चालविली आणि आजही ती त्यांचीच आहे.

तिच्या वर्गात आम्ही एक दिवसही बसलो नाही. आमचे शिक्षण नदीकाठच्या मराठी शाळेत झाले आणि पुढचे कारखान्यात, गेट मीटिंगमध्ये आणि रद्दीच्या दुकानात. मग ह्या माणसाने कँपातल्या शाळेवर कशाला बोलावे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल, तर त्यास आधी उत्तर देणे प्राप्त आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव घेत नाही, घेण्याचे कारणही नाही) आमच्या एका सोबत्याच्या हाती आरोपपत्र पडले. दोन पाने, दोन्ही इंग्रजीत. खाली सही करावयास सांगितले. कागद पोचल्याची सही, असे तोंडी सांगण्यात आले. त्याने ती केली. रात्री आम्ही दोघे-तिघे कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बाखाली तो कागद घेऊन बसलो. जवळ तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, रेन आणि मार्टिनचे व्याकरण आणि एक पाने सुटलेला शब्दकोश. दोन तासांनी कळले की शेवटच्या ओळीत पोच नव्हती, कबुली होती. १९४६ सालचा स्थायी आदेशांचा कायदा तेव्हा असे सांगत असे की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावले पाहिजेत. फलकावर ते होतेही. पण माणूस घरी बसतो तो फलकामुळे नव्हे, हातात आलेल्या कागदामुळे. तो सोबती घरी बसला. पुढे चौकशीच्या वेळी समोरचे अधिकारी असे काही सफाईने इंग्रजी बोलत की आमच्यापैकी कोणीतरी हळूच म्हणाले, “कॉन्व्हेंटात शिकलेले दिसतात.”

ही सफाई कोठे तयार होते, केव्हापासून होते आणि तेथे कोणाला प्रवेश मिळतो, हे शोधण्याचा नाद आम्हांस त्या दिवसापासून लागला. पुण्यात त्याचा माग काढीत गेले की माणूस कँपातल्या ह्या शाळेशी येऊन थांबतो.

आता मूळ कथेकडे वळू. पुण्यात कॅथलिक मंडळी इंग्रजांबरोबर आली असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. पेशव्यांच्या पदरी गोव्याकडचे कॅथलिक अधिकारी आणि शिपाई होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ साली नाना पेठेत, क्वार्टर गेटाजवळ, देऊळ उभे राहिले. ते आजही सिटी चर्च म्हणून ओळखले जाते. पेशवाई बुडाल्यावर कँप वसला. पलटणीत आयरिश कॅथलिक सोजीर होते, त्यांच्यामागे गोव्याचे कारकून, बँडवाले, पाववाले, मद्रासेकडचे नोकरचाकर आले. १८५० साली कँपात सेंट पॅट्रिकचे मोठे देऊळ झाले. त्याचे नाव आयर्लंडच्या संताचे आहे, ह्यावरूनच ते कोणत्या भक्तांसाठी होते ते कळते.

१८५४ साली रोमने पुण्याचा प्रांत मुंबईहून वेगळा केला आणि त्याच दशकात हे दोन्ही प्रांत जर्मन जेझुइटांच्या हाती आले. ह्याच १८५४ साली चार्ल्स वुडचा खलिता निघाला. खाजगी संस्थेने शाळा काढावी, नियम पाळावेत, सरकारने तिला अनुदान द्यावे, ही त्यातली पद्धत आपल्याकडे आजतागायत चालू आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ झाले, मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. १८६३ साली बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई-पुणे आगगाडी सलग धावू लागली. म्हणजे अनुदान, परीक्षा आणि आगगाडी अशी तिन्ही सोय झाल्यावर चार वर्षांनी ही शाळा निघते. आणि आणखी दोन वर्षांनी, १८६९ साली, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहतो. आम्ही ह्या दोन तारखा नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. कँपात हिशेब लिहिणारा आणि हुकूम वाचणारा तयार होऊ लागला. खडकीत हुकूम ऐकणारा. आमच्या पिंपळे गुरवातली कितीतरी म्हातारी माणसे नदी ओलांडून दापोडीस जात आणि तेथून खडकीच्या कारखान्यात. कँप त्याच रस्त्याने थोडा पुढे होता. पण तेथवर जाण्याचे त्यांना कधी काम पडले नाही.

जर्मनीतून इतके शिकलेले पाद्री इकडे का आले, ह्याचे एक कारण तिकडच्या राजकारणात आहे. १८७२ साली बिस्मार्कच्या राजवटीत जेझुइटांवर बंदीचा कायदा झाला आणि त्यांच्या संस्था बंद पडल्या. स्वदेशात ज्यांना शिकविण्याची बंदी ते परमुलखात शिकवू लागले. १८८६ साली पोप तेरावा लिओ ह्याने हिंदुस्थानातील धर्मप्रांतांची नवी घडी बसविली, तेव्हा पुण्याला स्वतंत्र बिशप मिळाला. तोही जर्मन जेझुइटच होता, बायडरलिंडन नावाचा.

ह्या संघाच्या शिक्षणपद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण एरवी ती शाळा कळत नाही. इग्नेशियस लोयोला ह्या स्पॅनिश माणसाने संघ स्थापन केला. तो मूळचा शिपाई. लढाईत पाय मोडला आणि अंथरुणावर वाचता वाचता पालटला. (आम्हां उशिरा वाचू लागलेल्यांना ह्या माणसाविषयी थोडी आपुलकी वाटते, ती तेवढ्यासाठी.) १५४८ साली सिसिलीत मेसिना येथे संघाने पहिली मोठी शाळा काढली आणि १५९९ साली सगळ्या शाळांसाठी एक नियमावली छापली. कोणत्या इयत्तेत काय शिकवावे, किती वेळ पाठांतर, किती वेळ लेखन, परीक्षा कशी घ्यावी, बक्षीस कसे द्यावे, सगळे त्यात आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या तोडीचा एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावा, एकाने चुकावे आणि दुसऱ्याने सुधारावे, वर्गाचे दोन पक्ष पाडून चढाओढ लावावी, अशी त्याची रीत. आणखी एक कलम मौजेचे आहे: मुलाला मार द्यावयाची वेळ आली तर तो संघातल्या गुरूने स्वतः देऊ नये, त्यासाठी बाहेरचा माणूस नेमावा. ठेकेदारीची कल्पना कारखानदारांनी काढली असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो!

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट फीची. संघाच्या जुन्या शाळा फुकट होत्या. धनिकाने एकदा मोठी देणगी द्यावी, तिच्यावर शाळा चालावी, मुलाकडून पैसा घेऊ नये, असा मूळ दंडक होता. १७७३ साली पोपने संघच बरखास्त केला. १८१४ साली तो पुन्हा उभा केला, तोवर जुन्या देणग्या आणि मालमत्ता गेल्या होत्या. म्हणून १८३३ साली रोमकडून सूट घेऊन फी आकारण्यास परवानगी मिळाली. पुण्याची शाळा ही ह्या सुटीनंतरची आहे. जगात फुकट शिक्षणाचा एवढा मोठा प्रयोग ज्यांनी केला, त्यांच्या शाळेचे नाव आपल्याकडे फीच्या आकड्याबरोबर घेतले जावे, ह्यात दोष कोणाचा ते ज्याने त्याने ठरवावे. आम्हांला मात्र ही हकीकत वाचली तेव्हा फार चुटपुट लागली.

अशा शाळेतला दिवस कसा जाई? घंटा, रांग, प्रार्थना. वहीच्या पानावर सगळ्यांत वर ए. एम. डी. जी. ही चार अक्षरे; ती ‘परमेश्वराच्या अधिक मोठ्या गौरवासाठी’ ह्या अर्थाच्या लॅटिन वचनाची आद्याक्षरे. आमच्या घरी वहीवर ‘श्री’ लिहीत, त्यातलाच प्रकार. मग एका तासाला वर्ग दुभंगे: कॅथलिक मुले धर्मोपदेशाला जात, बाकीची नीतिशिक्षणाला. हा ‘मॉरल सायन्स’चा तास अशा शाळांत शिकलेल्या हिंदू, पारशी, मुसलमान मुलांच्या आठवणींतून हटकून येतो. खरे बोलावे, वेळ पाळावी, दुबळ्याला चिडवू नये, असे त्यात शिकवीत. मॅट्रिकला जुन्या काळी एक अभिजात भाषा घ्यावी लागे. शहरातल्या शाळांत ती संस्कृत असे, पाद्र्यांच्या शाळांत लॅटिनचा मान मोठा. मराठी मात्र वर्गात चोरपावलांनी वावरे. दुपारनंतर मैदान. हॉकीचे वेड कँपातल्या पोरांना असे काही होते की चेंडू काठीने मारण्याखेरीज दुसरा खेळ त्यांना ठाऊकच नव्हता की काय असे वाटावे. वक्तृत्वाच्या स्पर्धा, नाटक, बक्षीस समारंभ, हा त्या नियमावलीचाच वारसा.

शाळेत कॅथलिकांखेरीज कोण येत होते, ह्याचे एक ठळक उदाहरण सांगतो. १८९४ साली पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेला मेरवान नावाचा मुलगा ह्या शाळेत शिकला. वडील काही जहागीरदार नव्हते. ताडीचे दुकान चालवीत. विद्यार्थिदशेत त्याने मित्रांचा एक ‘कॉस्मॉपॉलिटन क्लब’ काढला. जगातल्या घडामोडी समजून घ्यावयाच्या आणि दानधर्मासाठी पैसा जमवावयाचा, असा त्याचा हेतू. आणि तो पैसा सभासद पुष्कळदा घोड्यांच्या शर्यतीवर लावून मिळवीत! कँपाची ही खास रीत. पुढे तो डेक्कन कॉलेजात गेला आणि नंतर मेहेरबाबा ह्या नावाने जगभर ओळखला गेला. दुकानदाराचा मुलगा तेथे बसू शकत होता, एवढे ह्यातून दिसते. दारूगोळा कारखान्यातल्या हमालाचा बसत होता असे मात्र ह्यातून निघत नाही.

पहिल्या महायुद्धात शाळेवर मोठे संकट आले. जर्मन पाद्री हे सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना स्थानबद्ध केले, आणि १९१५-१६ च्या सुमारास बहुतेकांना गोलकोंडा नावाच्या बोटीने परत धाडले. पन्नास वर्षे ज्यांनी इंग्रजांच्या कारकुनांना इंग्रजी शिकविली, त्यांची गठडी इंग्रजांनीच वळली. पुण्याचे बिशप डोरिंग ह्यांची गोष्ट तर विलक्षण आहे. त्यांना १९२१ साली जपानात हिरोशिमाला नेमले गेले आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. त्या पडझडीत इतर ठिकाणच्या जेझुइटांनी संस्था सांभाळल्या. पुढच्या काळात पुण्यात स्वित्झर्लंडचे पाद्री येत राहिले आणि हळूहळू गोवेकर, मंगळूरकर, मराठी माणसे त्यांच्या जागी आली.

आता १९५४ सालाकडे येतो. ह्या प्रकरणावर आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण पुण्यातल्या प्रत्येक इंग्रजी शाळेचे नशीब त्या वर्षी टांगणीस लागले होते आणि ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने फर्मान काढले: इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक ह्यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा. बाकी सगळ्यांना दार बंद. मराठी, गुजराती, कन्नड भाषांना शिक्षणात त्यांचे स्थान मिळावे, हा हेतू. हेतूबद्दल आम्ही वाद घालणार नाही. पण परिणाम काय झाला असता? त्या फर्मानाप्रमाणे गोव्याचा कॅथलिक मुलगाही कॅथलिक शाळेत जाऊ शकला नसता, कारण तो अँग्लो-इंडियन नव्हे.

देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालविणारी संस्था आणि दोन पालक कोर्टात गेले. ही शाळा प्रॉटेस्टंटांची, पण लढाई सर्वांची होती. मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांनी फेब्रुवारीत फर्मान रद्द ठरविले आणि २६ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाने तोच निर्णय कायम केला. युक्तिवादाचा गाभा असा: राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत केवळ भाषा, धर्म, वंश, जात ह्यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे घटनेचे २९ वे कलम सांगते. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांना खास अनुदान देताना घटनेनेच अट घातली होती की निदान शेकडा ४० जागा इतर समाजांच्या मुलांना द्याव्यात. मग सरकार ते दार लावणार कसे?

दार उघडे राहिले. पण ते कोणासाठी? फर्मानाने जे जातीवर ठरणार होते ते निकालानंतर ऐपतीवर ठरू लागले. मराठी माध्यमाच्या मुलाला आठवीपर्यंत, पुढे पाचवीपर्यंत, इंग्रजीची ओळखही नसे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आणि मराठीच्या सभेत हिरिरीने बोलून घरी गेलेल्या कितीतरी पुढाऱ्यांची मुले तेव्हाही कँपातच शिकत होती, असे आमचे निरीक्षण आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते: रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेची मुले अक्षराविना राहतात. पण ते स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि मिशनऱ्यांचे ऋण कधी नाकारत नव्हते. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात ठेवणे त्यांना जमले. आम्हांला अजून नीट जमत नाही.

कारण ह्याच पाद्र्यांची दुसरी बाजूही आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणतात) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच जर्मन जेझुइट खेड्यापाड्यांतल्या महार-मांगांच्या वस्त्यांवर गेले. तेथे त्यांनी लॅटिन शिकविले नाही. मराठी शाळा काढल्या. संगमनेरची ज्ञानमाता शाळा त्यांचीच आणि मराठी माध्यमाची. मराठीशी ह्या संघाचे नाते तसे फार जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. म्हणजे एकच संघ, एकच धर्म, पण कँपात इंग्रजी आणि संगमनेरात मराठी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मांतल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे नगरच्या ह्या माणसाला सवलतही नाही आणि कँपातली इंग्रजीही नाही.

आणि तो माणूस आला कोठे? आपल्याच पट्ट्यात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आले, आणि नगर, बीड, सोलापूर इकडून माणसांचे लोंढे येऊ लागले. आमच्या युनियनमध्ये नगरकडचा एक फिटर होता. गळ्यात क्रूस आणि बोलणे अस्सल नगरी. त्याला कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा हे आधी पटेचना. “आमच्या फादरांनी आम्हांला बाराखडीच शिकवली हो,” असे तो म्हणे.

१९६१ साली जेझुइटांनी पाषाणला लोयोला हायस्कूल काढले. पानशेतचा पूर आला तेच हे वर्ष. आपल्या गावाहून पाषाण कँपापेक्षा जवळ. तेव्हापासून आपल्या बाजूच्या घराघरांत ‘लोयोलात मिळाला का?’ हा प्रश्न सुरू झाला. पुढे इतर धर्मसंघांच्या शाळा काळेवाडी-आकुर्डीकडेही झाल्या. १९८२ साली महानगरपालिका झाली, शेतांच्या जागी इमारती आल्या आणि ‘इंग्लिश मीडियम’ ही पाटी किराणा दुकानाइतकी सर्रास दिसू लागली.

ह्या खाजगी शाळांतला शिक्षक हाही कामगारच आहे, हे आम्ही संघटक म्हणून सांगितल्यावाचून राहणार नाही. १९७७ सालचा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा त्याच्या नोकरीला संरक्षण देतो. अल्पसंख्याकांच्या शाळेला त्यात मुख्याध्यापक आणि आणखी तीनपर्यंत माणसे आपल्या मर्जीने नेमण्याची मोकळीक आहे. बाकीच्यांना कायदा लागू. तरी सहीच्या पगारपत्रकावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा ह्यांत फरक असलेले शिक्षक आमच्याकडे येतात, सर्व धर्मांच्या आणि कोणत्याच धर्माच्या नसलेल्या संस्थांतून.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत शेकडा २५ जागा दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. ६ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने निर्णय दिला की घटनेच्या ३० व्या कलमाप्रमाणे अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शाळांना हा कायदा लागू होणार नाही. आम्ही ३० व्या कलमाचे पाठीराखे आहोत. थोड्यांना आपली शाळा आपल्या रीतीने चालविण्याचा हक्क नसेल तर उद्या युनियनलाही आपले ऑफिस चालविता येणार नाही. पण निकाल वाचला त्या दिवशी आमच्यासमोर नगरचा तो फिटर आला. तो तर थोड्यांतला थोडा. त्याच्या नातीसाठी त्याला अशाच एका शाळेत जावयाचे होते आणि अर्ज भरून देण्यासाठी तो आमच्याकडे आला होता.

अर्ज इंग्रजीत होता. आम्ही दोघे ऑफिसच्या बाकावर बसलो, चष्मे लावले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ‘मातृभाषा’ ह्या रकान्यात त्याने मराठी लिहावयास सांगितले. ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा पुढे आणखी एक रकाना होता. तेथे काय लिहावे म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “तीच लिहा की. दोन-दोनदा कशाला विचारत्यात?” आम्ही लिहिले. शेवटच्या पानावर सहीची जागा आली तेव्हा मात्र त्याने पेन हातात घेतले नाही. म्हणाला, “आधी सगळं वाचून दाखवा. मग सही.”